सुई कोणी द्यायची

“पाय सोड बे आमीर. शेवटचं सांगून राह्यलो, पाय सोड.”

“अम्मीचं होऊ द्या, मंग सोडतो.”

“बापाचे पाय धरायचे असतात, आवळायचे नसतात. कोणी शिकवलं तुले हे?”

“काल तुमी अम्मीच्या पोटात लाथ घातली, तवा शिकलो.”

रज्जाक पिंजारी अर्धवट भरलेल्या गादीवर उताणा पडला होता. त्याचा मुलगा आमीर त्याच्या दोन्ही घोट्यांवर बसला होता. म्हातारी आई राबिया दारात उभी राहून “हळू, अरे हळू” म्हणत होती. कोणाला म्हणत होती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आणि रज्जाकची बायको गौसिया एका हातात इन्सुलिनची भरलेली सिरिंज धरून दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या पोटाची कातडी चिमटीत घेऊ पाहत होती.

“हात डोक्याखाली घ्या,” ती म्हणाली.

“घेतले.”

“दोनी घ्या.”

“एक घेतला, एक राहू दे. मले काय फाशी देऊन राह्यली काय?”

सुई आत गेली आणि राहिलेला तो एक हात वर आला. कोपर गौसियाच्या तोंडावर बसला. तिने दट्ट्या शेवटपर्यंत दाबला, सुई सरळ बाहेर ओढली, टोपण लावलं आणि मग ओठाला हात लावला. आधी औषध, मग रक्त. हा क्रम तिच्या अंगवळणी पडला होता.

“लागलं काय?” रज्जाकने सदरा खाली ओढत विचारलं. सुई निघाली की तो पुन्हा माणसात यायचा.

“नाही.”

“मंग रगत कायचं हाय?”

“पान खाल्लं.”

सून गुलनाज पाण्याचा तांब्या घेऊन आली. लग्न होऊन तिला वर्ष होत आलं होतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती मोरीत जाऊन ओकली होती. आता ती सुईची वेळ झाली की आपणहून तांब्या भरून ठेवायची.

घरात ही माणसं हिंदीही बोलत, पण भांडण वऱ्हाडीतच करत. शिव्या तिच्यातच ठसकेबाज निघतात, असं रज्जाकचं म्हणणं होतं.

जळगाव जामोदला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं घर आहे. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, मधे पत्र्याची आडभिंत. दुकानात रुई पिंजायची मशीन. मशीन सुरू झाली की कण आडभिंतीवरून मागे यायचे. कणकेत, दुधावर, झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवर बसायचे. फ्रिज घेतला होता, त्याच्या मागच्या जाळीत रुई बसत गेली आणि तो मेला. म्हणून इन्सुलिनची शिशी एका डबीत घालून माठाच्या गार बुडाशी ठेवलेली असे.

रज्जाकच्या बापानं धनुकलीवर रुई पिंजली. ती धनुकली अजून भिंतीला टांगलेली आहे. रज्जाकने मशीन आणली. मधे फोमच्या गाद्या आल्या आणि धंदा बसला. तो पुन्हा उठला बोंडअळीनं. बियाण्याच्या पाकिटावर अळी लागणार नाही असं लिहिलेलं असे, आणि अळी बोंडाच्या आत बसून आरामात खायची. अर्धं उमललेलं, डागाळलेलं, पाल्याचा चुरा चिकटलेलं ते कवडी बोंड. असा कापूस व्यापारी काट्यावर चढवू देत नव्हता. मग लोक तो पोत्यात भरून रज्जाककडे आणायचे आणि पोरीच्या आंदणात द्यायच्या गाद्या भरून न्यायचे. चांगल्या कापसाची धूळ पांढरी असते, कवडीची काळपट. रज्जाक संध्याकाळी नाक शिंकरायचा तेव्हा रुमालावर काळं यायचं.

माणूस वाईट नव्हता, असं गल्लीत सगळेच सांगायचे. गौसियाही कोणी विचारलं तर तेच सांगायची. गादी शिवताना त्याचा हात बघण्यासारखा चाले. वीतभर लांबीचा दाभण तो गादीच्या वरून खाली, खालून वर असा काढायचा की टाका मोजून घातल्यासारखा यायचा. बोटात दाभण घुसला तर बोट तोंडात घालून पुढचा टाका घ्यायचा. पण डॉक्टरची सुई दिसली की त्याच्या अंगात वेगळंच काही यायचं. तीन वर्षांपूर्वी पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, गोळ्या पुरेनात, तेव्हा सरकारी दवाखान्यात इन्सुलिन लागलं. सिस्टरने गौसियाला संत्र्यावर सुई मारायला शिकवली. संत्रं हलत नाही, हे तिला घरी आल्यावर कळलं.

“सुई आपून मारायची असते, खायची नसते,” रज्जाक म्हणायचा.

“मंग मारा ना आपल्या हातानं. शिवणाऱ्याचा हात हाय तुमचा.”

“आपल्याच पोटात? बायको कायले केली मंग?”

पहिली थप्पड बसली तेव्हा त्याने माफी मागितली होती. हात आपोआप उठला म्हणाला, आणि ते खरंच होतं. नंतर आपोआप उठलेला हात तो हळूहळू थांबवेनासा झाला. त्याला रोज दोनदा एक कारण मिळत होतं. जिनिंगवाल्यानं रुई दिली नाही, फोमवाल्यानं समोर पाटी लावली, आमीर ऐकत नाही, सगळं साठायचं आणि सुईच्या वेळेला निघायचं. दोन सुया आणि दोन मार, असा गौसियाचा दिवस झाला होता. तिचा एक दात हलायचा. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. सुई चुकवली असती तर नवरा मेला असता, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने एकही चुकवली नाही.

त्या सकाळी, ओठ फुटला त्या सकाळी, आमीरने बापाचे पाय सोडले आणि खिशातून फोन काढला.

“अम्मी, हे पाह्य. ओढायचं इन्सुलिन निंगालं. भुकटी असते. शिट्टीएवढं यंत्र, त्याच्यात घालायची अन् ओढायची. सुई नाही.”

“बिडीसारखं?” राबियाने विचारलं.

“बिडीसारखंच समज, दादी.”

गौसिया फोनवरचा तो व्हिडिओ पाहत राहिली. एक जाडसर माणूस ताटावर बसला होता. त्याने यंत्र तोंडाला लावलं, श्वास ओढला, आणि जेवू लागला. त्याची बायको बाजूला बसून हसत होती. तिच्या तोंडावर काही खूण नव्हती. गौसियाने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी फक्त त्या बायकोकडे पाहिलं.

गावातल्या औषधाच्या दुकानात आमीरने विचारलं, तर दुकानदाराने दम्याचा पंप काढून समोर ठेवला. दुसऱ्याने सांगितलं, असलं काही निघालेलं नाही, मोबाईलवर काहीही दाखवतात. तिसरा म्हणाला, निघालं आहे, पण इथं कोणी लिहूनच देत नाही तर मागवू कशाला, आणि किंमत ऐकून तुम्हीच परत जाल. खामगावला साखरेचा एक डॉक्टर आहे, त्याला विचारा.

त्याच दिवशी ओळखीचा शेतकरी जानराव कवडीची पोती घेऊन आला. जानरावची पोरगी लग्नाची होती. तो दुकानाच्या पायरीवर बसला, गौसियाच्या ओठाकडे बघितलं आणि लगेच पोत्यांकडे बघायला लागला.

“घे रज्जाक. अळीनं आधी झोपून पाह्यलं, आता पोरगी झोपन.”

“अळ्या झटकून आणल्या ना? मागच्या टायमाले गादी चालून राह्यली होती.”

“तुह्या मशीनीत घाल, मरतीन. आमच्या औषधानं तं मरत नाही.” मग आमीरने त्याला ओढायच्या इन्सुलिनचं सांगितलं. जानराव बराच वेळ मान हलवत राहिला. “म्हंजे आता छातीत फवारणी. पाह्य बावा. आमी कपाशीवर फवारून फवारून थकलो.”

“छाती मजबूत हाय माही,” रज्जाक म्हणाला आणि खोकायला लागला. खोकला थांबला तेव्हा त्याने डोळे पुसले. “हे रुईचं हाय. आतलं नाही.”

खामगावच्या डॉक्टरने नीट ऐकून घेतलं. हो, असं औषध आहे. महाग आहे, अकोल्याहून मागवावं लागेल. जेवायला बसताना ओढायचं. रात्रीची एक सुई कदाचित ठेवावी लागेल, बाकीच्या जातील. गौसियाने मनात दोनातून एक वजा केली.

“पण आधी छातीची परीक्षा,” डॉक्टर म्हणाले. “नळीत फुंकायचं. फुप्फुसं चांगली असतील तरच हे देता येतं. बिडी ओढता?”

“कधीच नाही सायेब. नमाजी माणूस.”

“काम काय करता?”

“गादीचं दुकान हाय.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. गौसिया काही बोलणार होती. तिला वाटलं, मशीनचं सांगावं, धुळीचं सांगावं. मग तिने जिभेने हलता दात चाचपला आणि गप्प बसली. फुंकायची मशीन पुढच्या आठवड्यात येणार होती, तेव्हा या, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं.

घरी आल्यावर राबियाने सगळं ऐकलं आणि निकाल दिला.

“छाती साफ पायजे ना? मंग गूळ दे त्याले.”

पिंजाऱ्याच्या घरात हे कोणाला सांगावं लागत नाही. रुई पिंजून उठलं की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. घशातली, छातीतली रुई गुळाला चिकटते आणि पोटात जाते. रज्जाकचा बाप असाच गूळ खात जगला. रज्जाकही लहानपणापासून खात आला होता. साखर निघाल्यापासून गौसियाने गुळाची ढेप पेटीत कुलूप लावून ठेवली होती आणि किल्ली ती कमरेला बांधायची. त्या किल्लीवरूनही तिने मार खाल्ला होता.

“साखर वाढन अम्मा.”

“आठ दिवसांनं काय होते? सुई तं चालूच हाय. छाती धुऊन निंगाली की मंग गूळ बंद, सुई बी बंद.”

आमीर म्हणाला, “दादी, डाक्टरले विचारू.”

“डाक्टरनं कधी रुई पिंजली काय?”

गौसियाने रात्रभर विचार केला नाही. तिला विचार करायला फार वेळ लागला नाही. त्याच संध्याकाळी तिने कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि अडकित्त्याने गुळाचा मोठा खडा फोडून नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

रज्जाक त्या खड्याकडे बघत राहिला. मग त्याने तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि भिंतीला टेकून बसला.

“गौसिया,” तो थोड्या वेळाने म्हणाला, “लग्नात तू मले गूळ भरवला होता. याद हाय?”

“हाय.”

“हात कापून राह्यला होता तुहा.”

“तुमचा बी.”

तो आठवडा त्या घरात बरा गेला. सकाळी एक खडा, मशीन बंद केल्यावर एक, झोपताना एक. गूळ मिळणार म्हणून तो सुईला उताणा पडायचा, दोन्ही हात डोक्याखाली घ्यायचा. अंग ताठ करायचा, दात खायचा, पण हात उठला नाही. आमीरला पाय धरावे लागले नाहीत. गौसियाच्या ओठाची खपली निघून गेली. तिने खड्यांचा आकार वाढवला. तो वरचेवर पाणी मागायचा, रात्री चार वेळा उठायचा, डोळ्यांना धूसर दिसतं म्हणायचा. राबिया म्हणाली, रुई सुटून राह्यली, म्हणून तहान लागते. गौसियाला ते पटलं. तिला ते पटवून घ्यायचं होतं.

परीक्षेच्या दिवशी रज्जाकने इस्त्रीचा कुर्ता घातला. आमीर आणि गौसिया सोबत होते. दवाखान्यात आधी बोटातून रक्त घेतलं. त्या टोचणीलाच त्याने हात हिसकला आणि नर्सच्या हातातली पेटी खाली पडली. मग त्याला खुर्चीवर बसवलं, नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. मशीनवाला माणूस चांगला दांडगा होता आणि त्याचा आवाज खणखणीत होता.

“मोठा श्वास घ्या. घ्या, घ्या, घ्या. आता फुंका. जोरात. फुंका, फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका…”

रज्जाकने फुंकलं आणि अर्ध्यातच खोकला आला. पडद्यावर रेघ उठली आणि लगेच बसली.

“पुन्हा.”

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा जांभळा पडला. गौसिया भिंतीशी उभी होती आणि त्याच्याबरोबर श्वास ओढत होती, त्याच्याबरोबर सोडत होती. तिचा श्वास शेवटपर्यंत पुरायचा. त्याचा मधेच संपायचा.

“काका, जोर लावा. लहान लेकरं याच्यापेक्षा जास्त फुंकतात.”

रज्जाकने नळी तोंडातून काढली आणि मशीनवाल्याच्या गालावर हाणली. पुठ्ठ्याची नळी वाकली, म्हणून मग मूठ हाणली. मशीनवाल्याने त्याची गचांडी धरून त्याला खुर्चीसकट मागे लोटलं. नाकाचा चिमटा उडून कुठेतरी गेला. आमीर मधे पडला, त्याला दोघांचेही गुद्दे लागले. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. डॉक्टर आले तेव्हा रज्जाक जमिनीवर बसून खोकत होता, आणि मशीनवाला आपलं नाक दाबून, “पोलिसात देतो याला,” म्हणत होता.

पोलिसात कोणी दिलं नाही. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि आमीर व गौसियाला आत बोलावलं.

“साखर पाचशेच्या वर आहे. काय खायला घातलं यांना?”

गौसिया म्हणाली, “गूळ.”

“गूळ?”

“छाती साफ व्हाले. रुई पिंजतात ना. आमच्यात खातात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. ते रागावले नाहीत, त्यामुळे तिला जास्त भीती वाटली.

“रुई पिंजतात हे तुम्ही मागच्या वेळी सांगायला हवं होतं, मी तेव्हाच नाही म्हटलं असतं. धुळीने श्वासाच्या नळ्या आखडल्या आहेत. असल्या छातीवर ही भुकटी गेली तर श्वास अडकेल. आणि गूळ पोटात जातो, बाई. छातीत जात नाही. हे औषध यांच्यासाठी नाही.”

“आता नाही, का कधीच नाही?”

“कधीच नाही, असं धरा.”

“दुसरं काई ओढायचं?”

“नाही.”

“प्यायचं?”

“इन्सुलिन पोटात जिरून जातं. सुईच.” मग त्यांनी नवीन कागद घेतला. “आणि दोनवर भागणार नाही. तीन जेवणांआधी तीन आणि झोपताना एक. चार. सुई कोण देतं घरी?”

“मी.”

“खुणा पाहिल्या मी पोटावर. चांगली देता. चारही तुम्हीच द्या.”

एसटीत रज्जाक खिडकीशी बसला. नांदुऱ्याला त्याने आमीरला विचारलं, “चार म्हणाला काय?”

“हाव.”

“चार.” मग तो पुन्हा बाहेर बघत राहिला. रस्त्याच्या कडेला वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, काहींवर काळं पडलेलं बोंड तसंच लटकत होतं. गौसिया त्याच्या मागच्या सीटवर बसली होती. त्याची मान लाल होत चाललेली तिला दिसत होती. घरी पोचायच्या आधीच तिने कानातल्या बाळ्या काढून पदरात बांधल्या.

दुकानात जानरावच्या गाद्या तयार होऊन पडल्या होत्या. त्यावर काठी फिरवायची राहिली होती. भरलेली गादी अंगणात टाकून लांब काठीने झोडपतात, म्हणजे आतली रुई सारखी बसते. ती काठी दाराशीच उभी होती. रज्जाकने चपला काढल्या नाहीत. त्याने काठी उचलली.

“गूळ कोणी देल्ला?”

राबिया आतून दारात आली.

“मी विचारून राह्यलो, गूळ कोणी देल्ला मले? तीन वर्सं पेटीले कुलूप, अन् आता हातावर ठेवून राह्यली. मोठे मोठे खडे. मारायचंच होतं तं जहर द्याचं.”

“मी सांगतलं होतं तिले,” राबिया म्हणाली.

“तू म्हातारी हाय. ही शिकली दवाखान्यात. हिले माहीत होतं.”

“होतं,” गौसिया म्हणाली. “साखर वाढन माहीत होतं. सुई सुटन वाटलं.”

“कोणाची सुई? माही का तुही?”

“माही.”

पहिली काठी तिच्या खांद्यावर बसली. गादीवर बसते तसाच आवाज झाला. दुसरी तिने उजव्या हातावर घेतली आणि मनगटातून कट्‌ असं काही ऐकू आलं. तिसरी वर गेली तेव्हा आमीरने ती मागून धरली. रज्जाक वळला आणि त्याने मुलाच्या तोंडात मारली. आमीरने काठी ओढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि मग बापाला मारलं. एकदा कानशिलात, एकदा छातीवर. तो बापाला मारत होता आणि रडत होता. रज्जाक जानरावच्या पोरीच्या गादीवर आडवा पडला. श्वास घेता येईना म्हणून तो तोंड उघडं ठेवून पडून राहिला. तोंडातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

राबिया दोघांच्या मधे जाऊन बसली आणि दोघांनाही शिव्या देत राहिली.

गल्लीतल्या बायका दारापर्यंत आल्या आणि गुलनाजने दार लावून घेतलं. गौसिया चुलीपाशी बसली होती. मनगट सुजून पोळीसारखं झालं होतं. गुलनाजने पऱ्हाटीच्या दोन काड्या तोडून दोन बाजूंनी लावल्या, मधे रुई भरली आणि ओढणीची पट्टी गुंडाळली.

“अम्मी, दवाखान्यात जाऊ.”

“जाऊ.”

दिवे लागले. रज्जाक उठून बसला होता. आमीर मशीनच्या पाट्यावर डोकं धरून बसला होता. जेवणाची वेळ झाली होती, आणि आता जेवणाआधी सुई होती. हे प्रत्येकाच्या लक्षात आलं आणि प्रत्येकाने आधी गौसियाच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग गुलनाजकडे.

राबिया म्हणाली, “गुलनाज, तू भर वं सुई. बारीक हात हाय तुहा, दुखणार नाही त्याले.”

 आमीरने मान वर केली आणि खाली घातली.

गुलनाज उठली. माठाच्या बुडाची डबी काढली, शिशी दोन तळहातांत घोळवली. गौसिया घोळवायची, तशीच. सिरिंज भरली, ओढणी कमरेला खोचली. मग ती सासऱ्याकडे गेली आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. उजवा कोपर पोचत नाही, त्या बाजूला. चेहरा तिने आधीच थोडा वळवून घेतला होता.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. वर्षभर तांब्या घेऊन उभी होती, तेवढ्यात शिकली होती. गौसियाने ते पाहिलं. गुलनाजचे पाय कुठे आहेत, मान कशी आहे, सगळं नीट पाहिलं.

“ठेव ते,” ती म्हणाली.

“अम्मी, वेळ होऊन राह्यली.”

“ठेव म्हटलं ना.”

गौसिया उठली. डाव्या हाताने तिने सुनेच्या हातातून शिशी घेतली, मग सिरिंज घेतली. दुकानात रज्जाकच्या हत्यारांचं ताट होतं. त्यात दाभण, सुतळी, कात्री, मेणाचा गोळा असायचा. तिने शिशी आणि सिरिंज त्या ताटात दाभणाशेजारी ठेवली आणि ताट नवऱ्याच्या पुढे सरकवलं. कमरेची गुळाची किल्ली काढली आणि तीही ताटात टाकली. रज्जाकने किल्लीकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

“हे काय हाय?”

ती त्याला उत्तर द्यायला थांबली नाही. चुलीपाशी परत गेली, पाटावर बसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलली.

“आजपासून या घरातली कोणती बाई सुई देणार नाही. मी नाही, गुलनाज नाही. आमीर पाय धरणार नाही. यायले घ्यायची असन तं यायनं आपल्या हातानं घ्यावी, अन् गूळ खायचा असन तं तो बी आपल्या हातानं खावा. शिशी माठाखाली असते. आमीर, मले दवाखान्यात घेऊन चाल. गुलनाज, तू जेवून घे.”